झाकण कोणी उघडायचे?

घरोघरच्या व्हीसीआरच्या पाठीवर एक वाक्य छापलेले असे. ते इंग्रजीत असे, आणि इंग्रजीत छापलेल्या वाक्याला आपल्याकडे वेदवाक्याचा मान असल्यामुळे त्यावर कोणी कधी वाद घातला नाही. अर्थ असा : झाकण उघडू नका, वापरणाऱ्याने दुरुस्त करावा असा एकही भाग आत नाही, दुरुस्ती जाणकाराकडे सोपवा. यातल्या पहिल्या तुकड्याबद्दल माझी तक्रार नाही. भिंतीतले २३० व्होल्ट आत शिरले की पॉवर सप्लायमधल्या मोठ्या कंडेन्सरवर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास दाब साठतो, आणि प्लग काढून घेतला तरी तो काही वेळ तिथेच दबा धरून बसतो. ज्याला हे ठाऊक नाही त्याने खरोखरच हात घालू नये. पण दुसरा तुकडा शुद्ध खोटा आहे. तो खोटा असल्याचा पुरावा त्याच कंपनीने स्वतः छापला होता. प्रत्येक मॉडेलचे एक जाडजूड सर्व्हिस मॅन्युअल निघे. त्यात यंत्राचा स्क्रू न् स्क्रू सुटा करून काढलेली चित्रे, प्रत्येक भागाचा क्रमांक, आणि किती तासांनी काय पुसावे व किती तासांनी काय बदलावे याचे कोष्टक असे. म्हणजे पाठीवर लिहायचे की आत काही नाही, आणि पोटात काय काय आहे त्याचे पुस्तक मात्र आपल्या माणसांसाठी कपाटात ठेवायचे!

हे वाक्य आपण खरे मानले, एवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ चालले असते. आपण त्याचे सुभाषित केले. 'बिघडले की टाका' हे शहाणपण, आणि 'उघडून पाहू' हा उनाडपणा, अशी आपल्या सुशिक्षित घरांतली वाटणी झाली. परिणाम असा की आज असंख्य घरांत माळ्यावर कॅसेटी आहेत, त्यांत आईबापांचे चालणे-बोलणे आहे, आणि ते दाखवणारे यंत्र मात्र नाही. यंत्र मेले, असे लोक म्हणतात. मी चाळीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले आणि संध्याकाळी ही यंत्रे दुरुस्त केली. त्या अनुभवावरून सांगतो, ही यंत्रे सहसा मरत नाहीत. त्यांना उघडणारा माणूस आपण उपाशी मारला.

आत काय आहे, ते एकदा पाहूच. चित्र फितीवर उतरवणे हे आवाज उतरवण्याइतके सोपे नाही. चित्राच्या संकेतांची कंपने दर सेकंदाला लाखांच्या घरात जातात. ती टिपायची तर हेडपुढून फीत अचाट वेगाने गेली पाहिजे. बीबीसीने १९५८ साली 'व्हेरा' नावाचे यंत्र वापरात आणले. त्यात हेड जागच्या जागी आणि फीत सेकंदाला पाच मीटर पळे. वीस इंची अगडबंब रीळ पंधरा मिनिटांत संपे. पण त्याआधी दोन वर्षे, १९५६ च्या एप्रिलमध्ये, शिकागोस अँपेक्स कंपनीने चार्ल्स गिन्सबर्ग आणि त्याच्या सोबत्यांनी बनवलेले यंत्र दाखवले होते, आणि त्यातली युक्ती अगदी उलटी होती. फीत चालवायची संथ, आणि हेडच गरगर फिरवायचे! दोन इंच रुंद फितीवर चार हेड मिनिटाला १४,४०० फेरे घेत. (त्या मंडळींत रे डॉल्बी नावाचा एक कोवळा पोरगा होता. पुढे त्याचे नाव जगातल्या प्रत्येक टेपरेकॉर्डरवर झळकले.) १९७६ साली जेव्हीसीने जी व्हीएचएस पद्धत आणली ती याच कुळातली. ६२ मिलिमीटर व्यासाचा एक चकचकीत ड्रम, किंचित कललेला, सेकंदाला २५ फेरे घेतो. अर्धा इंची फीत त्याला अर्ध्याहून थोडा अधिक विळखा घालून जाते, तीही सेकंदाला जेमतेम सव्वादोन सेंटिमीटर या गोगलगायीच्या गतीने. ड्रमच्या अंगावर समोरासमोर दोन हेड. एकेका अर्ध्या फेऱ्यात एकेक हेड फितीवर सुमारे दहा सेंटिमीटर लांबीची एक तिरकी रेघ ओढते. त्या रेघेची रुंदी ४९ मायक्रॉन, म्हणजे आपल्या डोक्यावरच्या केसाहून कमी. तीन तासांच्या कॅसेटवर अशा पाच लाख चाळीस हजार रेघा असतात, आणि कॅसेट पाहताना हेडाला त्यांतल्या प्रत्येक रेघेवरून अचूक परत जावे लागते.

हे ज्याने एकदा झाकण काढून चालताना पाहिले आहे, तो 'आत काही नाही' असे म्हणणार नाही. फीत दोन खुंट्यांच्या बोटांत धरून बाहेर ओढली जाते, ड्रमभोवती गुंडाळली जाते, आणि यंत्र एक खोल श्वास घेतल्यासारखे करून चालू लागते. शाळेतल्या मुलांना मी हे दाखवत असे. वर्गातला सर्वांत व्रात्य मुलगाही तेवढा वेळ गप्प बसे.

आणि असे हे दिमाखाचे यंत्र बंद पडते कशाने? बहुधा रबराने. बेल्ट सैल होतो, किंवा उन्हाळ्यांमागून उन्हाळे काढून काळ्या गुळासारखा चिकट होऊन पुलीला लागतो. रीळ फिरवणाऱ्या आयडलरची रबरी धाव गुळगुळीत होते, मग फीत गुंडाळलीच जात नाही आणि यंत्र 'कॅसेट खाते'. कॅसेट आत घेते आणि लगेच बाहेर थुंकते? मोड स्विचच्या पितळी पट्ट्या काळ्या पडल्या आहेत, पुसा. चित्रात बर्फ पडते? हेडात मळ आहे. स्वच्छ कागदाची पट्टी अल्कोहोलमध्ये भिजवून ड्रमला धरावी, आणि पट्टी स्थिर ठेवून ड्रम हाताने फिरवावा. पट्टी वर-खाली केली तर हेड तुटलेच म्हणून समजा. पहिल्या पिढीच्या यंत्रांत कॅसेटच्या मधल्या भोकातून एक छोटा दिवा वर येत असे. फितीचे टोक पारदर्शक असते. त्यातून उजेड बाजूच्या डोळ्यावर पडला की यंत्राला कळे, फीत संपली. हा दिवा उडाला तर यंत्र काहीच करायला तयार नसे, आणि मालक समजे की सर्वनाश झाला. याच कारणाने झाकण काढलेला व्हीसीआर खिडकीतल्या उन्हात ठेवला तर तो वेड लागल्यासारखा वागतो, कारण बाहेरचे ऊन त्याला फितीचे टोक वाटते. नवशिक्या कारागिराने याच चकव्यापायी निरोगी यंत्राचे दहा भाग बदललेले मी पाहिले आहेत.

हातात धरायच्या कॅमेऱ्यांची व्यथा वेगळी. १९८५ नंतर आलेल्या आठ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यांत जागा वाचवण्यासाठी तांदळाच्या दाण्यांसारखे बारीक भाग दाटीने बसवले. त्यांतले चिमुकले कंडेन्सर काही वर्षांनी गळू लागतात व आतला द्राव पाटीवरची तांब्याची रेघ खातो. गळलेल्या कंडेन्सरला सोल्डरिंगची तापलेली टोच लागली की मासळीसारखा वास सुटतो. तो वास आला की मला आनंद होतो, कारण रोग सापडलेला असतो.

आता आमच्या सुज्ञ गृहस्थांकडे वळू. हे गृहस्थ प्रत्येक सोसायटीत असतात. ते म्हणतात, "सर, कशाला ही कटकट? दुकानात द्यायचे, सगळे डिजिटल करून घ्यायचे, कॅसेटी रद्दीत टाकायच्या. मोकळे!" ऐकायला फार व्यवहारी वाटते. पण त्या दुकानातला संगणक कॅसेट हुंगून चित्र काढतो, अशी यांची समजूत आहे काय? तिथेही कॅसेट कुठल्या तरी व्हीसीआरमध्येच घालावी लागते. तो व्हीसीआर कुठून आणायचा? व्हीसीआर बनवणारी जगातली शेवटची म्हणून ओळखली गेलेली कंपनी, जपानची फुनाई, हिने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवले, आणि सुटे भाग मिळत नाहीत हेही तिने दिलेले एक कारण होते. सोनीने बीटामॅक्सची कोरी कॅसेट विकणे त्याच वर्षीच्या मार्चमध्ये बंद केले. म्हणजे जगात आज जे यंत्र चालू आहे ते कोणी तरी चालू ठेवले आहे म्हणून चालू आहे. जगभरच्या दप्तरखान्यांनी ही गोष्ट वेळीच ओळखली. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी संग्रहालयाने २०१७ साली इशारा दिला की, चुंबकीय फितींवरचे जे २०२५ पर्यंत उतरवून घेतले जाणार नाही त्यातले बरेचसे कायमचे जाण्याचा धोका आहे. २०१९ मध्ये युनेस्कोनेही ही हाक दिली. दोन्ही इशाऱ्यांत फितीबरोबर यंत्रांचा आणि यंत्र जाणणाऱ्या माणसांचाही उल्लेख होता. आपल्या सुज्ञ गृहस्थांनी फक्त फितीचे ऐकले.

त्या 'मोकळे' होण्याचा एक मासला सांगतो. काही वर्षांपूर्वी एक बाई माझ्याकडे कॅसेट घेऊन आल्या. त्यांचे वडील सिंधुदुर्गातल्या एका गावी दशावतारात काम करत. १९८७ च्या जत्रेत, आखातातून रजेवर आलेल्या चुलतभावाने खांद्यावरच्या मोठ्या कॅमेऱ्याने रात्रीचा खेळ घेतला होता. वडील गेले, चुलतभाऊ गेला, कॅसेट उरली. पुण्यातल्या एका प्रतिष्ठित दुकानाने ती घेतली, पैसे घेतले, आणि चार दिवसांनी "फीत खराब आहे, काही निघत नाही" असा शेरा मारून परत दिली. वर सल्लाही दिला : टाकून द्या.

मी ती लावली. खरोखरच पडद्याच्या वरच्या तिसऱ्या हिश्श्यात नुसता धुरळा, आणि खाली चित्र फाटलेले. पण धुरळा एकाच जागी होता. खराब फितीचा धुरळा भटकतो. हा ठाण मांडून बसला होता. म्हणजे फीत उत्तम होती, तो कॅमेराच मुळात वाकडा होता! त्याच्या ड्रमशेजारच्या खुंट्या आपल्या उंचीवर नव्हत्या, त्यामुळे त्याने तिरक्या रेघा जरा निराळ्या कोनात ओढल्या. त्याच कॅमेऱ्यात ती कॅसेट बिनबोभाट दिसली असती. सरळ यंत्राला ती वाचता येईना. मग करायचे काय? सरळ यंत्र वाकडे करायचे. मी झाकण काढले, हेडाकडून येणारा संकेत ऑसिलोस्कोपवर घेतला, आणि खुंटी पाव फेरा, मग त्याच्याही पाव, अशी फिरवत गेलो. पडद्यावरची लाट एका टोकाला चिमटलेली होती, ती हळूहळू भरत आली. आणि धुरळ्यातून प्रथम मुकुट दिसला, मग डोळे, मग चेहरा. बाई माझ्या पाठीमागे उभ्या होत्या. "बाबा", एवढेच त्या म्हणाल्या. पावणेतीन तासांचा खेळ निघाला; मृदंगासकट, मागच्या अंधारातल्या पोरांच्या ओरड्यासकट.

दुकानदाराने लबाडी केली असे मी म्हणत नाही. त्याला झाकण उघडण्याची विद्याच नव्हती. ज्या यंत्रावर त्याचे पोट चालते त्यात कॅसेट घालणे व काढणे एवढेच त्याला येत होते. पण त्याच्या अज्ञानाने तो खेळ कचऱ्यात जाणार होता, आणि त्या कचऱ्याला तो 'डिजिटल सेवा' म्हणत होता. ज्यांच्या कॅसेटी 'निघाल्या' त्यांनीही फार हुरळून जाऊ नये. त्या वेळी या दुकानांनी डीव्हीडी करून दिल्या. आज त्या तबकड्यांतल्या कित्येक उघडत नाहीत, आणि मूळ कॅसेट तर सल्ल्याबरहुकूम रद्दीत गेलेली!

कोणी म्हणेल, ही घरगुती बाब झाली. मग चंद्रावरचे उदाहरण घ्या. माणूस उतरवायला जागा शोधण्यासाठी अमेरिकेने १९६६ व ६७ मध्ये चंद्राभोवती पाच लूनर ऑर्बिटर याने पाठवली. त्यांनी धाडलेली छायाचित्रे अँपेक्सच्या एफआर-९०० नावाच्या, फिरत्या हेडांच्या दोन इंची यंत्रांवर साठवली गेली. पुढे ती यंत्रे निकालात निघाली. नॅन्सी इव्हान्स या बाईंनी ती भंगारात जाऊ दिली नाहीत आणि वर्षानुवर्षे घराच्या गॅरेजमध्ये सांभाळली. कपाटाएवढी, जड, कुचकामी यंत्रे! शेजारपाजारच्या सुज्ञ गृहस्थांनी त्यांना काय सल्ला दिला असेल, याची कल्पना मी करू शकतो. २००७ नंतर डेनिस विंगो व कीथ कौइंग यांनी ती ताब्यात घेतली, आणि नासाच्या एम्स केंद्राच्या आवारातल्या एका बंद पडलेल्या मॅकडॉनल्डमध्ये हा संसार मांडला. जुन्या कारागिरांची मदत घेतली, एका यंत्राचे भाग दुसऱ्यास लावले, आणि नोव्हेंबर २००८ मध्ये, चंद्राच्या कडेवरून दिसणाऱ्या पृथ्वीचे २३ ऑगस्ट १९६६ चे चित्र पूर्वी कोणी पाहिले नव्हते इतके स्पष्ट बाहेर आले. आता दुसरी बाजू पाहा. १९६९ च्या अपोलो ११ चे चंद्रावरून आलेले मूळ चित्रण ज्या फितींवर होते त्यांचा शोध घेऊन नासाने २००९ साली कळवले की, त्या फिती बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. एकीकडे गॅरेजमधली एक हट्टी बाई आणि दुसरीकडे फितींची काटकसर. इतिहासाला कोण उपयोगी पडले?

साहित्याला वाहिलेल्या अंकात हा मजकूर कशाला, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात एव्हाना आलाच असेल. तोच माझा खरा वाद आहे. जपणूक म्हणजे कागदाची जपणूक, असे आपल्या साहित्यिक जगाने ठरवून टाकले आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेत एका महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी १९१९ पासून १९६६ पर्यंत विद्वान राबले. त्यांच्यापुढे मीही हात जोडतो. मोडी कागदाचा एक गठ्ठा वाळवीने खाल्ला तर आपण वर्तमानपत्रांत पत्रे लिहितो. पण गेल्या चार दशकांतला महाराष्ट्र कागदावर आहे तितकाच फितीवर आहे. १९८२ च्या एशियाडबरोबर रंगीत दूरदर्शन आले, पाठोपाठ व्हीसीआर आले. त्यानंतर गावोगावचे खेळ, कीर्तने, मोर्चे, सभा, बारशी, एकसष्ट्या, नाट्यस्पर्धांतली एकदाच झालेली नाटके, हे सारे कोणी ना कोणी टिपले. त्यातले कितीसे छापून आले? मोडी वाचणारा दुर्मिळ झाला म्हणून आपण मोडीचे वर्ग काढतो, ते योग्यच आहे. मग फितीवरची तिरकी रेघ ही तरी दुसरे काय आहे? तीही एक लिपीच. फरक इतकाच की, मोडी नुसत्या डोळ्याने दिसते. ही लिपी यंत्राच्या डोळ्याने वाचावी लागते, आणि तो डोळा साफ ठेवणाऱ्याला आपण 'मेकॅनिक' म्हणून दारातच उभा करतो. संशोधकाला शाल आणि श्रीफळ. मेकॅनिकला "किती घेणार? पन्नास कमी करा."

जुन्या यंत्रांचे गोडवे गाणारा म्हातारा, अशी माझी वासलात लावायची सोय मी ठेवणार नाही. व्हीएचएसचे चित्र वाईट होते. रंग वाहत, कडा पुसट, नकलेची नक्कल तर पाहवत नसे. दिवाणखान्यात शोभेसाठी मृत व्हीसीआर मांडून ठेवणाऱ्या हौशी मंडळींशीही माझे काही नाते नाही. आजचा खिशातला मोबाइल त्या काळच्या स्टुडिओहून सुंदर चित्र घेतो, हे मी आनंदाने मान्य करतो. माझे भांडण त्याच्या झाकणाशी आहे. व्हीसीआरच्या पाठीवरचे वाक्य खोटे होते. नव्या यंत्रांत कंपन्यांनी ते खरे करून दाखवले. स्क्रूच्या जागी गोंद आला. बॅटरी आत चिणली. आणि कळस म्हणजे, भागांना ओळखपत्रे दिली. २०२० सालच्या आयफोन १२ मध्ये दुसऱ्या तशाच फोनचा अस्सल कॅमेरा काढून बसवला तरी तो नीट चालेना, असे उघडून पाहणाऱ्यांना आढळले. २०२४ मध्ये वापरलेल्या भागांना थोडी वाट मोकळी करून देण्यात आली, ती लोकांनी आरडाओरडा केल्यानंतर. अस्सल यंत्रातला अस्सल भाग, आणि तरी कंपनीच्या आशीर्वादावाचून तो परका! सोवळ्याओवळ्याचा हा प्रकार आमच्या आजीलाही सुचला नसता.

याहून गमतीचा मासला आहे. कित्येक वर्षे फोटोच्या कॅमेऱ्यांतून चित्रण करताना २९ मिनिटे ५९ सेकंदांवर ते आपोआप थांबे. कीर्तनकार उत्तररंगात शिरलेले असत, आणि कॅमेरा डोळे मिटे. लोक समजत, यंत्र तापले असेल. यंत्राला काही झालेले नसे. युरोपच्या जकातीच्या नियमांत अर्धा तास वा अधिक सलग चित्रण करणारा कॅमेरा 'व्हिडिओ कॅमेरा' ठरे आणि त्यावर अधिक कर बसे, म्हणून कंपन्यांनी आत एक कुलूप घातले होते. युरोपातल्या जकात नाक्यासाठी नाशकातले कीर्तन अर्धवट! २०१० साली व्हितालि किसेलेव्ह नावाच्या एका हौशी माणसाने पॅनासॉनिकच्या जीएच१ कॅमेऱ्याच्या आतल्या आज्ञावलीत शिरून हे कुलूप काढले, आणि चित्राचा दर्जाही वाढवून दाखवला. त्याच्या एक वर्ष आधी ट्रॅमेल हडसन याने कॅननच्या ५डी मार्क २ साठी 'मॅजिक लँटर्न' नावाची भर लिहिली. आवाजाची पातळी पडद्यावर दिसावी एवढी साधी सोय महागड्या कॅमेऱ्यात नव्हती, ती त्याने दिली. पुढे त्याच्या मागून आलेल्यांनी २०१३ मध्ये अशा कॅमेऱ्यांतून कच्चे, अ-दाबलेले चित्रण बाहेर काढले. विकणाऱ्याने "हे यंत्र एवढेच करते" असे सांगितलेल्या यंत्राने ते करून दाखवले. 'छेडछाड' हा शब्द या उद्योगासाठी कंपन्या वापरतात. विकत घेतलेल्या वस्तूशी मालकाने केलेली छेडछाड! असो.

कायदे होत आहेत, हे मला ठाऊक आहे. 'सील फाटले तर हमी रद्द' अशा धमक्या कायद्यात बसत नाहीत, असा इशारा अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने एप्रिल २०१८ मध्ये सहा कंपन्यांना दिला. युरोपीय संघाने २०२४ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा निर्देश काढला. त्याच्या मूळ यादीत धुलाईयंत्रे आहेत, फ्रीज आहेत, मोबाइल आहेत, हातातला व्हिडिओ कॅमेरा नाही. आपल्या ग्राहक व्यवहार खात्याने २४ डिसेंबर २०२२ ला दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ उघडले. चांगलेच केले. पण हक्क कागदावर आला आणि हात राहिले नाहीत तर तो बजावणार कोण? चाळिशीच्या आतल्या किती कारागिरांना हेडाची खुंटी जुळवता येते? पुण्याच्या तपकीर गल्लीत दिवाळीत माळांसाठी पाय ठेवायला जागा नसते. याच गल्लीत आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मी एके काळी बेल्टांचे जुडगे मापाने निवडून आणत असे. आता आयडलरची धाव मी सायकलच्या ट्यूबमधून कापतो. चालते.

अगदीच अंधार आहे असेही नाही. आमच्या ओळखीतला एक इंजिनिअर मुलगा मध्यंतरी घरी आला आणि त्याने मला गार केले. त्याने माझ्या व्हीसीआरच्या पाटीवरचा टेस्ट पॉइंट विचारला. म्हणजे कारागिराने संकेत तपासावा म्हणून कंपनीने सोडलेला तो खिळ्याएवढा टाका. त्यावर त्याने एक तार जोडली, आणि हेडाकडून येणारा कच्चा संकेत, व्हीसीआरच्या पुढच्या साऱ्या मंडलाला बगल देऊन, थेट संगणकात घेतला. घेतला कशाने? संगणकावर टीव्ही बघण्यासाठी पूर्वी लोक लावत आणि नंतर टाकून देत, त्या स्वस्त ट्यूनर कार्डाने! पुढचे काम 'व्हीएचएस-डीकोड' नावाची फुकट आज्ञावली करते. जगभरच्या हौशी लोकांनी ती मिळून लिहिली आहे. जे काम व्हीसीआरच्या आतले डझनभर भाग करत ते सगळे ती गणिताने करते, आणि चित्र मी चाळीस वर्षांत पाहिले नव्हते इतके स्वच्छ निघते. तोच दशावतार आम्ही पुन्हा काढला. मुकुटाच्या बेगडाची चमक प्रथमच दिसली. पण त्या मुलानेही मान्य केले की ड्रम फिरलाच पाहिजे, हेड साफ पाहिजे, खुंटी जुळली पाहिजे. आणि तो टेस्ट पॉइंट गाठायला आधी काय करावे लागले? झाकण उघडावे लागले.

माझी मागणी मोठी नाही. प्रत्येक जिल्हा ग्रंथालयात एक चालू व्हीसीआर आणि एक चालू आठ मिलिमीटरचा कॅमेरा असावा, आणि ते चालू ठेवणाऱ्याला ग्रंथपालाइतका पगार असावा. आयटीआयमध्ये आठवड्याचा एक तास या यंत्रांसाठी मिळावा. साहित्य संमेलनांत जुन्या ग्रंथांचे प्रदर्शन मांडतात, त्या दालनाच्या कोपऱ्यात एक टेबल, एक दिवा आणि एक मेकॅनिक बसवावा. लोकांनी आपल्या कॅसेटी आणाव्यात. भाषणांपेक्षा त्या टेबलाभोवती गर्दी अधिक होईल, याची मी हमी देतो. ही हमी सील फाटले तरी रद्द होणार नाही.

हा अंक तुमच्या हाती पडेल तोवर घरचा माळा झाडून झाला असेल. कॅसेटी रद्दीवाल्याच्या पोत्यात गेल्या नसतील तर त्या उभ्या ठेवा, आडव्या नकोत. ओल्या भिंतीपासून आणि लाउडस्पीकरच्या चुंबकापासून दूर ठेवा. पाठीच्या कोपऱ्यातली प्लास्टिकची टिकली शाबूत असेल तर मोडून टाका, म्हणजे चुकून कोणी त्यावर दुसरे काही घेणार नाही. खिडकीतून पाहून फितीवर पांढरी बुरशी दिसली, आणि कोकणात व मुंबईत ती दिसतेच, तर ती कॅसेट चालू यंत्रात मुळीच घालू नका. तिचे कण ड्रमवर चढतात आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागतात. तिच्या पोटाखाली पाच स्क्रू आहेत. साधे, चौफुलीचे. तिथून सुरुवात करा.